एकाचे खरे की चौघांचे? : बिनतारी संवेदकांच्या जाळ्यातील दोष आणि विश्वास

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा आलेख)



हीरक महोत्सवाच्या या व्याख्यानमालेत एक दिवस विज्ञानासाठी राखून ठेवल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. आजचा विषय नावाने तांत्रिक वाटेल: बिनतारी संवेदकांची जाळी, त्यांत उद्भवणारे दोष आणि त्यांच्यावर ठेवावयाचा विश्वास. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न न्यायालयात, पंचायतीत, वर्गात आणि घराघरांत रोज विचारला जातो. सांगणारे अनेक आहेत, त्यांचे सांगणे एकमेकांशी जुळत नाही आणि निर्णय तर आत्ताच करावयाचा आहे. अशा वेळी कोणाचे ऐकावे? ‘विश्वास तर पानिपतात गेला’ असे आपण मराठी माणसे थट्टेने म्हणतो. यंत्रांच्या जगात हा हरवलेला विश्वास पुन्हा कसा उभा केला जातो, ते मला आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

प्रारंभ नागपूरपासून करू, कारण या सभागृहातील अनेकांचे आप्तस्वकीय तेथे आहेत. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील रामदासपेठ भागातल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. जगात आजवर मान्यता पावलेले सर्वोच्च तापमान ५६.७ अंश आहे, आणि तेही १९१३ साली अमेरिकेतील डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात नोंदलेले. म्हणजे नागपूर त्या दिवशी जागतिक विक्रमाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले होते! सोनेगावच्या केंद्राने ५४ अंश सांगितले. मात्र वर्धा मार्गावरील कापूस संशोधन संस्थेच्या परिसरातील केंद्र आणि रामटेकचे केंद्र ही दोन्ही ४४ अंशांच्या आसपासच होती. हवामान खात्याने लवकरच स्पष्ट केले की, ते दोन उंच आकडे उपकरणातील दोषाचे होते. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश नोंदवले होते. प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहता तेथील संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवत असल्याचे निष्पन्न झाले.

आता दुसरे उदाहरण पाहा. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. रायपूरला वर्षभरात साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे आकारमान ध्यानी येईल. त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, पाऊस किती पडला? अवघा ७३ मिलिमीटर. दोन वेधशाळांमधील अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. कुलाब्यात बसून निव्वळ आकड्यांकडे पाहणाऱ्या एखाद्या हिशेबनिसाने सांताक्रूझचा आकडा ‘अशक्य’ म्हणून खोडला असता, तर त्याला दोष देणे कठीण होते. परंतु तो आकडा खरा होता. सांताक्रूझच्या उत्तरेस असलेल्या विहार तलावाच्या परिसरात तर हजार मिलिमीटरच्याही पुढे नोंद झाली होती. त्या पाण्यात शेकडो माणसांचे प्राण गेले.

श्रोतेहो, ही दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवा. दोन्हींत एक आकडा सर्वांहून वेगळा, अविश्वसनीय वाटावा असा. नागपुरात तो असत्य ठरला, मुंबईत सत्य. वेगळे सांगणारा प्रत्येक जण खोटा मानला, तर आपण सांताक्रूझला गमावू. वेगळे सांगणारा प्रत्येक जण खरा मानला, तर नागपूर डेथ व्हॅलीच्या पंक्तीला जाऊन बसेल. या दोन चुकांच्या मधून वाट काढण्याचे शास्त्र हाच आजचा विषय आहे.

प्रथम हे संवेदकांचे जाळे म्हणजे काय, ते समजून घेऊ. संवेदक, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात सेन्सर म्हणतो ते साधन, एखादी भौतिक राशी मोजते: तापमान, आर्द्रता, धूर, कंप, पाण्याची पातळी. त्याला एक लहानसा संगणक, एक रेडिओ आणि एक बॅटरी जोडली की एक स्वतंत्र एकक तयार होते. अशी शेकडो एकके शेतात, जंगलात, खाणीत किंवा पुलावर विखुरली जातात. प्रत्येकाचा रेडिओ दुबळा असतो. त्याचा आवाज फार दूर जात नाही. म्हणून एक जण शेजाऱ्याला सांगतो, शेजारी पुढच्याला, आणि असा निरोप हातोहात मुख्य केंद्रापर्यंत पोहोचतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी नाशिकच्या द्राक्षबागेत या शतकाच्या पहिल्या दशकात अशा जाळ्याचे प्रयोग केले. वेलीवर केवडा किंवा भुरी पडणार की नाही हे हवेतील आर्द्रता, तापमान आणि पानांवरील ओलावा यांवर बहुतांशी अवलंबून असते. हे आकडे बागेच्या कोपऱ्या-कोपऱ्यातून वेळेवर मिळाले, तर फवारणी केव्हा करावी आणि केव्हा टाळावी हे बागायतदाराला ठरवता येते. येथे चुकीच्या आकड्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. अकारण फवारणी केली तर पैसा आणि औषध वाया जाते, आणि फवारणी चुकली तर हंगाम हातचा जातो.

अशी यंत्रे उघड्यावर राहतात, हेच त्यांच्या दुःखाचे मूळ. प्रयोगशाळेतील थर्मामीटरला छप्पर असते, राखणदार असतो. शेतातील संवेदकाला ऊन, पाऊस, मुंग्या, उंदीर आणि जिज्ञासू मुले या सर्वांना तोंड द्यावे लागते. त्याचे बिघडणेही एका प्रकारचे नसते. काही संवेदक सरळ मौन धारण करतात. हा दोष प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण तो झाला हे लगेच कळते. काही एकाच आकड्यावर अडकून बसतात. पहाट असो वा भर दुपार, त्यांचे उत्तर तेच. काहींचे मापन हळूहळू सरकत जाते. आज पाव अंशाने, सहा महिन्यांनी तीन अंशांनी. हा दोष फार फसवा, कारण कोणत्याही एका दिवशी तो डोळ्यांत भरत नाही. काही संवेदक मधूनच एखादा भलताच आकडा फेकतात आणि पुन्हा शहाण्यासारखे वागू लागतात. आणि सर्वांत वाईट तो, जो एका शेजाऱ्याला एक सांगतो आणि दुसऱ्याला दुसरेच.

त्यातही गंमत अशी की, ज्या क्षणी सत्य सर्वाधिक हवे असते, त्याच क्षणी यंत्र सर्वाधिक अविश्वसनीय होण्याचा संभव असतो. स्वयंचलित पर्जन्यमापकात एक छोटेसे डोलते भांडे असते. ते ठरावीक पाण्याने भरले की कलंडते आणि एक टिंब नोंदवते. पाऊस मुसळधार झाला की भांडे कलंडत असतानाच वरून आणखी पाणी येते, ते मोजले जात नाही आणि नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी होते. उन्हाच्या कमाल माऱ्यात इलेक्ट्रॉनिक भाग तापतात, आणि उन्हाची मोजदाद तर तेव्हाच हवी असते. संकटाच्या वेळी साक्षीदारही संकटात असतो, हे विसरून चालणार नाही.

यावर पहिला उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. पेशवेकालीन कागदपत्रांत महत्त्वाचे पत्र जासुदांच्या जोडीबरोबर रवाना केल्याचे उल्लेख आढळतात. दोन जासूद का? वाटेत एक आजारी पडला, नदीत वाहून गेला, शत्रूच्या हाती लागला, तरी दुसऱ्याने निरोप पोहोचवावा म्हणून. दोष होणारच नाही अशी आशा धरण्याऐवजी, दोष होईल हे गृहीत धरून कार्य तडीस नेण्याची व्यवस्था करणे, यालाच आजच्या परिभाषेत दोष-सहिष्णुता म्हणतात. बिनतारी जाळ्यातही एकाच जागेवर दोन-तीन संवेदक लावतात आणि निरोप जाण्यासाठी एकाहून अधिक वाटा ठेवतात. याचे आणखी एक कारण आहे. मुख्य केंद्राच्या जवळचे संवेदक स्वतःचे आणि मागच्या सर्वांचे निरोप वाहतात, त्यामुळे त्यांची बॅटरी सर्वांआधी संपते. घरात दाराजवळ बसलेल्यालाच दर वेळी उठावे लागते, तसे हे. ते थकले की मागचे सारे जाळे जिवंत असूनही मुके होते. म्हणून निरोपाचा भार आळीपाळीने वाटावा लागतो.

परंतु जोडी एका प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसरा प्रश्न उभा करते. दोन्ही जासूद पोहोचले आणि दोघांचे निरोप वेगळे निघाले, तर? एक घड्याळ असलेल्या माणसाला वेळ ठाऊक असते. दोन घड्याळे असलेला संभ्रमात पडतो. मग तिसरे घड्याळ हवे, म्हणजे बहुमत होईल. बहुमताचे गणित सोपे आहे: सदोष संवेदक सर्वांना एकच चुकीचा आकडा सांगत असतील, तर एका सदोषाविरुद्ध दोन निर्दोष हवेत, दोघांविरुद्ध तीन. म्हणजे दोन दोष पचवण्यासाठी एकूण पाच. नागपुरातील त्या केंद्रांना हे गणित लावून पाहा. केंद्रे चार, त्यांतील दोन सदोष. ५६, ५४, ४४ आणि ४४ यांची सरासरी ४९.५ येते; मधला आकडा काढू म्हटले तर ४९ येतो. हे दोन्ही आकडे त्या चारांपैकी एकाही केंद्राने सांगितलेले नव्हते आणि दोन्ही असत्य होते! मुंबईच्या ९४४ आणि ७३ या आकड्यांची सरासरी सुमारे ५०८ होते. ती सांताक्रूझविषयी खोटी आणि कुलाब्याविषयीही खोटी. सरासरी ही तडजोड आहे. दोन पक्षांत तडजोड झाली की भांडण मिटते, सत्य सापडतेच असे नाही.

आणि संवेदक दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागला, तर गणित आणखी कठोर होते. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीज या तीन शास्त्रज्ञांनी १९८२ साली हा प्रश्न एका रूपकातून मांडला. बायझंटाइन सेनेचे सेनापती शहराला वेढा देऊन बसले आहेत, परस्परांना फक्त निरोप पाठवू शकतात आणि त्यांच्यांत काही फितूर आहेत. सर्व निष्ठावंतांचा एकच निर्णय कसा व्हावा? समजा, तिघे आहेत. पहिल्याने मला सांगितले, ‘हल्ला करा’. दुसरा मला सांगतो, ‘पहिल्याने मला माघार घ्यायला सांगितले आहे’. आता पहिलाच दुतोंडी आहे की दुसरा खोटे सांगतो आहे, हे मला कोणत्याही युक्तीने ठरवता येत नाही. चौथा असेल तरच हा पेच सुटतो. त्यांनी सिद्ध केले की, निरोपावर बनावट न करता येणारी सही नसेल तर एक फितूर पचवण्यासाठी चार, दोघांसाठी सात, तिघांसाठी दहा सदस्य लागतात. विद्यार्थी मित्रहो, वहीत लिहून ठेवा: फितुरांच्या संख्येची तिप्पट, अधिक एक.

मतांची संख्या मोजताना आणखी एक खबरदारी हवी. पाच जणांनी एकाच माणसाकडून ऐकलेली बातमी सांगितली, तर साक्षी पाच होत नाहीत, एकच होते. एकाच बनावटीचे, एकाच दिवशी बसवलेले, एकाच उन्हात तापणारे संवेदक एकदमच आणि एकाच दिशेने चुकू शकतात. ज्या साक्षीदारांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असतात, त्यांच्याच बहुमताला अर्थ असतो.

तर मग नागपूर आणि मुंबई यांतला भेद कसा ओळखावा? मोजली जाणारी गोष्ट निसर्गतः कशी वागते, हे आधी विचारावे. हवेचे तापमान सपाट प्रदेशात संथपणे बदलते. एकाच शहरात, जवळजवळ सारख्याच उंचीवर, त्याच वेळी दहा-बारा अंशांचा फरक पडणे भौतिकदृष्ट्या पटण्याजोगे नाही. पाऊस तसा नसतो. गुढियारीत रस्ते तुंबलेले आणि तेलीबांधा तलावाकाठी ऊन, हा अनुभव रायपूरकरांना नवा नाही. ढगफुटीसारखा पाऊस काही किलोमीटरांत आपले रूप बदलतो. म्हणून तापमानाच्या बाबतीत दूरच्या शेजाऱ्याचीही साक्ष ग्राह्य धरावी. पावसाच्या बाबतीत मात्र अगदी जवळच्याचीच. सांताक्रूझची परीक्षा कुलाब्याने घ्यावयाची नव्हती, ती विहार तलावाने घ्यावयाची होती. आणि विहारने सांताक्रूझच्या बाजूने साक्ष दिली. शेजारी कोण, हे केवळ नकाशावरून ठरत नाही. ते मोजावयाच्या राशीवरून ठरते. २००५ नंतर मुंबई महापालिकेने शहरभर, बहुतांशी अग्निशमन केंद्रांवर, स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, त्यामागचा तर्कही हाच आहे.

शेजाऱ्यांनंतर दुसरा साक्षीदार म्हणजे त्या संवेदकाचा स्वतःचा भूतकाळ. पाच मिनिटांपूर्वी ४३ सांगणारा आता ५६ सांगत असेल, तर संशयाला जागा आहे. तिसरा साक्षीदार म्हणजे त्याची प्रकृती. कॅलिफोर्नियात सुमारे ७० मीटर उंचीच्या एका रेडवुड वृक्षावर संशोधकांनी ४४ दिवस संवेदकांचे जाळे चालवले. त्यातील अनेक विक्षिप्त तापमानांचे कारण शोधता असे आढळले की, बॅटरीचा दाब उतरू लागला की आकडे भरकटू लागत. अमेरिकेच्या मेन राज्यातील ग्रेट डक बेटावर २००२ च्या सुमारास समुद्रपक्ष्यांच्या घरट्यांत लावलेल्या संवेदकांतही आर्द्रतेचे असंभाव्य आकडे हे ते एकक लवकरच बंद पडणार असल्याचे पूर्वचिन्ह ठरले. म्हणजे चुकीचा आकडाही निरुपयोगी नसतो. बाहेरच्या हवेविषयी तो खोटे सांगतो. स्वतःच्या प्रकृतीविषयी मात्र खरे सांगून जातो. तो पुसून टाकणाऱ्याने एक महत्त्वाची खूण गमावली असे समजावे.

आता विश्वासाकडे येऊ. दर वेळी सगळ्यांना सगळे विचारत बसणे या यंत्रांना परवडत नाही. त्यांच्या छोट्या बॅटरीला हिशेब करणे स्वस्त पडते आणि रेडिओवर बोलणे महाग. म्हणून प्रत्येक संवेदक आपल्या शेजाऱ्यांची एक वही ठेवतो: कोणाचे सांगणे किती वेळा पडताळ्यात उतरले आणि किती वेळा नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील सौरभ गनेरीवाल आणि मणी श्रीवास्तव यांनी २००४ मध्ये अशी व्यवस्था सुचवली. तिचे गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल असे आहे. बरोबर ठरलेल्या वेळांत एक मिळवा, एकूण वेळांत दोन मिळवा आणि भागा. नवा आलेला संवेदक, ज्याची एकही परीक्षा झालेली नाही, त्याचा विश्वासांक किती? एक भागिले दोन, म्हणजे निम्मा. त्याला आंधळेपणाने मानायचे नाही आणि दाराबाहेरही उभे करायचे नाही. दहापैकी नऊ वेळा बरोबर ठरलेल्याचा अंक ०.८३, शंभरापैकी नव्वद वेळा बरोबर ठरलेल्याचा ०.८९. प्रमाण तेच, तरी दीर्घ परिचयाला थोडे अधिक वजन मिळते. आपली आजी नवख्या दूधवाल्याविषयी आणि वीस वर्षांच्या दूधवाल्याविषयी मनात जो हिशेब करीत असे, तो हाच.

या वहीत आणखी दोन नियम घालावे लागतात. पहिला असा की, जुन्या नोंदींचे वजन काळानुसार कमी होत जावे. एरवी वर्षभर उत्तम वागून विश्वास कमावलेला संवेदक नंतर बिघडला, तरी पूर्वपुण्याईवर बराच काळ मिरवत राहील; आणि एके काळी बिघडलेला, पण आता दुरुस्त झालेला संवेदक कायमचा बहिष्कृत राहील. दुसरा नियम असा की, दुसऱ्याने केलेली निंदा त्या निंदकाच्या स्वतःच्या विश्वासांकाने तोलून घ्यावी. एखादा सदोष किंवा दुष्ट संवेदक चांगल्या शेजाऱ्याविरुद्ध खोट्या तक्रारी पसरवू शकतो. ऐकीव बातमीवर कोणाला वाळीत टाकू नये, हा धडा माणसांच्या समाजाला फार किंमत मोजून शिकावा लागला आहे; यंत्रांच्या समाजात तो आरंभापासूनच नियमात लिहिता येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निरोपाला गुप्तलिपी लावली, त्यावर न खोडता येणारी अंकीय सही केली, म्हणजे विश्वासाचा प्रश्न संपला असे अनेकांना वाटते. सहीमुळे एवढेच सिद्ध होते की निरोप त्याच संवेदकाचा आहे आणि वाटेत कोणी त्यात बदल केलेला नाही. मजकूर खरा आहे की नाही, हे सही सांगत नाही. तीन अंश अधिक दाखवणाऱ्या संवेदकाने अस्सल सहीनिशी चुकीचाच आकडा पाठवला असता. पोचवणाऱ्याची सचोटी आणि सांगणाऱ्याची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू करणारे पंडित माधवराव सप्रे यांनी मराठीतील ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकांपर्यंत नेले. निरोप्याने निरोप न बिघडवता पलीकडे पोचवणे हे किती मोलाचे काम आहे, हे या भूमीतील मराठी माणसांना वेगळे सांगावयास नको.

आणि हा सारा खटाटोप कशासाठी? ५ एप्रिल २०२४ रोजी याच गुढियारीत वीज वितरण कंपनीच्या भांडाराला आग लागली, ट्रान्सफॉर्मर आणि त्यांतील तेल जळत राहिले, काळ्या धुराचे लोट शहरभर दिसले आणि आसपासच्या रहिवाशांना घरे सोडून हलावे लागले, हे आपल्या स्मरणात आहे. दाट वस्तीला लागून असलेल्या कोणत्याही गोदामात, मग ते धान्याचे असो वा तेलाचे, धूर आणि उष्णता ओळखणारे संवेदकांचे जाळे उद्या बसेल. ते बसवणे ही अर्धी गोष्ट झाली. त्याने महिन्यातून चार वेळा अकारण घंटा वाजवली, तर पाचव्या वेळी कोणीतरी तिची तार काढून ठेवील. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. अभियंत्याने तिचा दुसराही बोध घ्यावा. शेवटच्या दिवशी मुलगा खरे बोलत होता, आणि गावकऱ्यांनी त्याचा विश्वासांक शून्यावर नेऊन ठेवल्यामुळे मेंढ्या गेल्या. जेथे दुर्लक्षाची किंमत प्रचंड आहे, तेथे अविश्वसनीय साक्षीदाराचेही म्हणणे फेकून देता येत नाही. ते ताबडतोब दुसऱ्या साक्षीदाराकडून पडताळून घ्यावे लागते. धुराच्या संवेदकाने हाक दिली, की उष्णतेच्या संवेदकाला विचारावे, मग कॅमेऱ्याला आणि शेवटी पहारेकऱ्याला. चौकशीचा खर्च थोडा असतो, आगीचा नसतो.

विद्यार्थी मित्रहो, हे शास्त्र शिकण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. या पावसाळ्यात शाळेने तीन साधे पर्जन्यमापक घ्यावेत. एक शाळेच्या गच्चीवर आणि दोन वस्तीच्या दोन टोकांना, झाडे आणि भिंती यांपासून दूर, मोकळ्यावर बसवावेत. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता मोजमाप करावे. प्रत्येक ठिकाणी दोन विद्यार्थ्यांनी, एकमेकांचा आकडा न पाहता, वेगवेगळी नोंद करावी. जासुदांच्या जोडीचे तत्त्व ते हेच. चूक झाली तर ती रबराने पुसू नये. एका रेघेने अशी खोडावी की जुना आकडाही वाचता येईल. शंकास्पद आकड्यापुढे प्रश्नचिन्ह करावे आणि कारण लिहावे: पान अडकले होते, भांडे कलते होते, मोजायला उशीर झाला. चार महिन्यांनी तिन्ही वह्या शेजारी ठेवून पाहा. पाऊस किती अंतरात बदलतो, कोणते मापक सतत कमी दाखवते, कोणाच्या नोंदी जोडीदाराशी जुळतात, हे सारे त्यांतून उलगडेल. संवेदकांच्या विश्वासाचा सिद्धान्त तुम्ही स्वतःच्या हाताने मांडलेला असेल.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आज सांगितलेल्या शास्त्राने त्या दोहोंच्या मध्ये एक पायरी घातली आहे: ऐकावे जनाचे, पाहावे प्रत्येकाच्या वहीत, मग करावे मनाचे. एकाच्या बोलण्याला केवळ तो एकटा आहे म्हणून खोटे ठरवू नये. चौघांच्या बोलण्याला केवळ ते चौघे आहेत म्हणून खरे मानू नये. प्रत्येकाला सिद्ध होण्याची संधी द्यावी, प्रत्येकाची नोंद ठेवावी आणि चुकलेल्याला सुधारून परत येण्याची वाट मोकळी ठेवावी. चांगली शाळा आपल्या मुलांशी नेमके असेच वागते, आणि साठ वर्षे ती उभी राहते त्याचेही हेच कारण असावे.